शुक्रवारी मी एकटाच जातो

गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर ढकलत नेतो आणि मगच चालू करतो. पहाटे पावणेपाचला कळव्यात आवाज फार लांब जातो, आणि तळमजल्यावरच्या आजींना झोपच मुळी चारनंतर लागते. रस्त्याच्या कडेला आलो की चोक ओढायचा, किक मारायची आणि हेल्मेट हातात धरून दोन मिनिटं उभं राहायचं. त्या दोन मिनिटांत मी दुसरं काही करत नाही. ऐकतो.

माझी गाडी २०१२ ची युनिकॉर्न आहे. दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असलेली. गेल्या दिवाळीत तिचे एक लाख किलोमीटर पूर्ण झाले. मी वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा टूलरूममध्ये डाय-मेकर आहे, म्हणजे साचे बनवतो, बावीस वर्षं झाली. मला ज्या मेस्त्रींनी शिकवलं, ते बिघडलेल्या मशीनपाशी आले की आधी सगळ्यांना गप्प करायचे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने डोळे उघडून सांगायचे, मागचं बेअरिंग गेलंय. खोलून बघितलं की तेच निघायचं.

ती सवय मला गाडीवरही लागली. इंजिनातलं टॅपेट नेहमीपेक्षा जास्त वाजतंय का, चेन कोरडी पडलीय का, पुढच्या चाकात काही घोंघावतंय का, हे गाडी सारखी सांगत असते. पण ते ऐकू यायला शेजारी दुसरं इंजिन नको. बारा गाड्यांच्या मधोमध चालवताना माझ्या गाडीचा आवाज मला ऐकू यायचाच नाही. पुढच्याच्या सायलेन्सरचा यायचा, मागच्याच्या हॉर्नचा यायचा. घरी आल्यावर कळायचं की चेन शंभर किलोमीटर आधीच सैल झाली होती.

एकटा जायला लागण्याआधी मी मोटरसायकलवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये होतो. अडीच वर्षं. आमच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून एमआयडीसीतल्या कारखान्यांना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची पद्धत पडली, ती आमच्याकडे अजून आहे. ग्रुप निघणार रविवारी. त्यामुळे महिन्यातून एक रजा मी राइडसाठी टाकायचो. रजा टाकल्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्या मंडळींनी मला खूप शिकवलं. हातमोजे घालायला शिकवलं. एकामागे एक न चालता एक डावीकडे आणि पुढचा उजवीकडे अशी तिरपी रांग धरायला शिकवलं. समोरच्यापासून दोन सेकंदांचं आणि तिरप्या गाडीपासून एका सेकंदाचं अंतर ठेवायचं, खड्डा दिसला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचं, सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप. नियम चांगले होते. नियम पाळणारी माणसंही चांगली होती. म्हणूनच मला जे म्हणायचंय ते नीट मांडायला हवं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सतत सांभाळावी लागते. एका प्लेटची जाडी दोन शतांश मिलिमीटरने जास्त आली तर ती प्लेट पास होते, तेवढी मुभा ड्रॉइंगमध्येच दिलेली असते. पण अशा दहा प्लेटा एकावर एक ठेवल्या की फरक दोन दशांश मिलिमीटरवर जातो आणि डाय बसत नाही. प्रत्येक प्लेट बरोबर, तरी चळत चुकीची. याला आम्ही टॉलरन्स साचणं म्हणतो. गाड्यांच्या रांगेत मला तेच दिसायचं. लीडने वळणाआधी साठवरून पन्नासवर आणलं. दुसऱ्याला ते अर्ध्या सेकंदाने कळलं म्हणून त्याने पंचेचाळीसवर आणलं. असं मागे जाता जाता अकराव्या-बाराव्याला जवळजवळ थांबावंच लागतं. मग वळण संपतं, लीड पुन्हा साठ पकडतो, आणि शेवटच्याला त्याला गाठायला ऐंशीने पळावं लागतं. पुढचा म्हणतो आपण साठनेच चाललोय. तो खोटं बोलत नसतो.

आणखी एक हिशेब. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. बारा गाड्या एकेक सेकंदाच्या अंतराने चालल्या तरी रांग पावणेदोनशे मीटरपेक्षा लांब होते. घाटात मागून एसटी आली तर तिने ओलांडायचं कसं? ती मध्ये घुसते, रांग तुटते, आणि तुटलेला अर्धा भाग पुढच्याला गाठायला धावतो. ड्रायव्हरला गाड्या ओलांडताना मी पुष्कळदा बघितलंय. त्याचा तरी काय दोष, त्याला वेळेत पोचायचं असतं.

आता माळशेजचं सांगतो. २०१७ चा जुलै. कल्याणहून मुरबाडमार्गे आम्ही बारा गाड्या निघालो. मी आठवा. माझ्या मागे नववा एक मुलगा होता, बाविशीतला, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली नवी गाडी. मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा तो माझ्याजवळ आला. बाकीचे फोटो काढत होते. हळूच म्हणाला, "दादा, जरा सावकाश गेलो तर चालेल का? मला झेपत नाहीये." मी म्हणालो, "वेग लीड ठरवतो रे. तू माझ्या मागे राहा, काही होत नाही."

हे वाक्य मी आज आठ वर्षं ऐकतोय.

टोकावडे मागे पडलं आणि पाऊस वाढला. घाटात शिरलो तसं धुकं इतकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी त्या दिव्याकडे बघत चालवत होतो. रस्ता मी बघतच नव्हतो. वळण किती मोठं आहे, कडेला खडी आहे का, कातळावरून ओघळणारं पाणी कुठे रस्ता ओलांडतंय, यातलं काही मला माहीत नव्हतं. माझ्या मागचा मुलगा माझा दिवा बघत होता. एका डाव्या वळणावर डांबरावर शेवाळ धरलं होतं. माझी गाडी जराशी घसरून सावरली. त्याची सावरली नाही. मी आरशात बघितलं तेव्हा त्याचा हेडलाइट आडवा झालेला होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. जीवावरचं थोडक्यात निभावलं, कारण समोरून त्या क्षणी गाडी आली नाही. मी, दहावा, अकरावा आणि स्वीप थांबलो. पुढचे सात जण बऱ्याच अंतरावर गेले होते आणि फोन लागत नव्हता, त्यामुळे त्यांना अर्ध्या तासाने कळलं. मुरबाडकडे जाणाऱ्या एका भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला पुढच्या सीटवर बसवून घेतलं. त्याचा हात मी सरळ धरून ठेवला होता. वाटेत तो मला सॉरी म्हणत होता. त्याच्यामुळे सगळ्यांची राइड बिघडली म्हणून.

नंतर ग्रुपवर चार दिवस चर्चा झाली. लीड म्हणाला, मला कोणी हळू चला असा निरोप दिलाच नाही. स्वीप म्हणाला, माझं काम मागे राहायचं. कोणी म्हणालं, नवीन मुलांनी पावसात येऊ नये. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. निरोप मला मिळाला होता, आणि मी तो पुढे पाठवला नव्हता, कारण पुढे कोणीतरी ठरवणारा आहे या विश्वासावर मी निवांत होतो. मी हे तिथे लिहिलं. मग ग्रुप सोडला. भांडून सोडला नाही. त्यातले दोघे अजून घरी येतात.

तेव्हापासून शुक्रवार.

लोकांना वाटतं मला माणसं आवडत नाहीत. कंपनीत एक जण मला 'एकटा जीव सदाशिव' म्हणतो. पण घरी आई, बायको, लेक असं भरलेलं घर आहे, आणि सहा दिवस कारखान्यात नऊ जणांबरोबर मी काम करतो. गाडीवर मात्र मला कोणी ठरवणारा नको आणि मला कोणासाठी ठरवायचंही नाही. धुकं दिसलं की मी थांबतो. कोणाला विचारावं लागत नाही, कोणाचा खोळंबा होत नाही. एकदा इगतपुरीच्या अलीकडे पावसात टपरीवर मी अडीच तास बसलो आणि तिथूनच परत फिरलो. बारा जणांत हा निर्णय कधीच झाला नसता. कोणीतरी म्हणालंच असतं, आता इतकं आलोय तर पुढे जाऊया.

माझा नेहमीचा फेरा सांगतो. खारेगाव, माणकोली, रांजणोली, वडपे. वडप्यापर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय आणि भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर पहाटेच बाहेर पडतात, म्हणून हा पट्टा मी पाचच्या आसपास संपवतो. पडघ्याच्या अलीकडे आमण्याजवळून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ५ जून २०२५ ला त्याचा इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. दुचाकीला त्यावर बंदी आहे, तशी ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवरही आहे. माझं त्याने काही अडत नाही. त्याच्या बोगद्यातून गेलो तर घाट कुठे दिसणार?

आसनगावला पोचेपर्यंत अंधार विरळ होतो आणि डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. तिथे पहिला चहा. मग खर्डी, मग कसारा, आणि घाट चढायच्या आधी महामार्ग सोडून डावीकडे विहिगावचा रस्ता. इथून पुढे खोडाळा, मोखाडा, जव्हार. परत येताना विक्रमगड, वाडा, भिवंडी. सगळे मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात, पाच लिटर पेट्रोल पुरतं. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला तोपर्यंत हा सगळा मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. आई अजून जव्हारला 'आपल्या जिल्ह्यातलं' म्हणते.

हा रस्ता मला ऋतूंप्रमाणे पाठ आहे. भाद्रपद-आश्विनात उतारांवर खुरासणी फुलते आणि डोंगरच्या डोंगर पिवळे होतात. त्याच्याच शेजारी नागलीची कणसं मूठ वळलेली असतात. फाल्गुनात पळस. चैत्रात सकाळी मोहाखाली बायका आणि पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत असतात, तेव्हा हेल्मेटची काच वर केली की तो गोडसर, जड वास आत येतो. या वासाची मला ओळख एकट्याने जायला लागल्यावर झाली. ग्रुपमध्ये असताना याच दिवसांत याच रस्त्याने दोनदा गेलो होतो. तेव्हा पुढच्या गाडीचा धूर तेवढा आठवतो.

विहिगाव सोडून खोडाळ्याकडे जाताना गेल्या वर्षी पुढचं चाक पंक्चर झालं. माझ्या पुढच्या चाकात ट्यूब आहे. जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पायाने मारायचा पंप मी बरोबर ठेवतो, त्यामुळे घाबरलो नाही. पण इंजिनखाली दगड लावून पुढचं चाक एकट्याने अधांतरी धरणं अवघड असतं. मी खटपट करत होतो तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "बाकीचे कुठं गेले?" त्याला सवय होती, या रस्त्याला गाड्या येतात त्या घोळक्याने.

मी म्हणालो, "कोणी नाही बाबा. एकटाच आहे."

त्याने कुऱ्हाड झाडाला टेकवली. "मग थांबतो मी," म्हणाला आणि हँडल धरून बसला. चाळीस मिनिटं. फार बोलला नाही. टायर रिममध्ये बसवताना शेवटची कड चढत नव्हती, तेव्हा त्याने आपल्या टाचेने दाबून धरली. चाक लागलं, मी पाणी पुढे केलं, त्याने ते हाताच्या ओंजळीत घेतलं. पैसे देऊ का, असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण त्याच्याकडे बघून विचारलं नाही. डब्यात बायकोने दिलेल्या दोन दशम्या होत्या. एक त्याने खाल्ली, एक मी.

त्याच दशम्यांच्या डब्यासोबत बायकोचा प्रश्नही असतो. "अहो, बरोबर कोणीतरी असू दे की." तिचं चुकत नाही. एकटा पडलो तर उचलणारा कोण, याचं उत्तर मला द्यावंच लागतं, आणि ते मी शब्दांनी देत नाही. आदल्या रात्री फ्रिजवर कागद लावतो. कुठून जाणार, कुठे थांबणार, किती वाजता कुठे असेन. ठरवलेला रस्ता बदलायचा झाला तर फोन करून सांगितल्याशिवाय बदलत नाही. मोखाड्याच्या आसपास माझ्या फोनला काही ठिकाणी रेंज नसते, ती ठिकाणंही कागदावर लिहिलेली आहेत. आसनगाव, खोडाळा, जव्हार, वाडा, या चार ठिकाणांहून मिस्ड कॉल. दुपारी बाराच्या आत जव्हार सोडायचं, म्हणजे भिवंडीची संध्याकाळची कोंडी टळते आणि थकलेल्या डोळ्यांनी अंधारात चालवायला लागत नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात रक्तगट आणि घरचे दोन नंबर लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद. जादा क्लच वायर जुन्या वायरीलाच बांधून ठेवलीय, तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची. १०८ आणि ११२ लेकीने फोनमध्ये सगळ्यात वर टाकून दिलेत.

वेगही बदलला. घाटात मी चाळीसच्या वर जात नाही. मागून कोणी आलं की डावीकडे होतो आणि हात दाखवून पुढे जाऊ देतो. मागे कोणीतरी आपलं आहे, त्याला दिसत राहिलं पाहिजे, ही ओढ उरलेली नाही. आधी मला वाटायचं की मी बऱ्यापैकी चालवतो. एकटा जायला लागल्यावर समजलं की उजव्या वळणावर मी लवकर आत कापतो. पुढच्याच्या मागे जाताना ती चूक झाकली जायची, कारण रेघ त्याची असायची. ती मोडायला मला दोन पावसाळे लागले. विहिगावच्या पुढच्या एका उजव्या वळणावर मी अजून मुद्दाम मनात मोजतो, एक, दोन, आणि मग वळतो.

लांबच्या प्रवासाला, हिमालयात वगैरे, सोबत हवी हे मला मान्य आहे. अगदी नवीन असलेल्याने पहिले काही महिने जाणत्या माणसाबरोबर जावं, हेही. पण एका माणसाबरोबर. दोन गाड्यांत मागचा हात वर करतो आणि पुढचा थांबतो. बारा गाड्यांत वर केलेला हात कोणाला दिसतो ते मला ठाऊक आहे.

तो मुलगा आता तीस वर्षांचा आहे. ऐरोलीत राहतो, लग्न झालंय. हाड नीट जुळलं. गाडी त्याने मधली चार वर्षं चालवलीच नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, की दादा, पुन्हा गाडी काढलीय, तुमच्या शुक्रवारी मला बरोबर न्याल का? मी एक दिवस मागून घेतला. मग त्याला म्हणालो, पहिल्यांदा माझ्याबरोबर ये, पण तू पुढे चालवायचं आणि वेग तू ठरवायचा. मी मागे. तसं गेलो. आसनगावपर्यंत त्याने पंचेचाळीसच्या वर काटा नेला नाही. कंटेनर आम्हाला ओलांडून जात होते. मी मागून त्याचे खांदे बघत होतो. पडघ्यापर्यंत ते आवळलेले होते, वाशिंदच्या पुढे सैल झाले. चहा पिऊन तिथूनच परत आलो.

काल त्याने विचारलं, आता एकटा जाऊ का? मी त्याला कागदावर लिहून दिलं. खर्डीला टाकी भर, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नको. विहिगावचा फाटा डावीकडे आहे, वेगात असलास तर चुकेल. खोडाळ्याच्या आधी दोन ठिकाणी रस्त्यावर वाळू असते. धुकं दिसलं तर थांब, कितीही वेळ थांब. उजव्या वळणाला एक, दोन मोज. आणि आसनगावला पोचलास की आधी घरी मिस्ड कॉल दे, मग मला.